केक मिक्सच्या खोक्यातून पायचा क्रस्ट : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या थँक्सगिव्हिंगच्या सकाळी मी आईला मेसेज टाकला, ‘पाय मोडला.’ साताऱ्यात तेव्हा संध्याकाळ होती. मिनिटभरात फोन. डावा की उजवा? प्लास्टर घातलं का? इन्शुरन्समध्ये बसतं ना? मोडलाय तो खायचा पाय, आणि तोसुद्धा अख्खा नाही, नुसता त्याचा क्रस्ट, म्हणजे सारणाखालचं पिठाचं भाजलेलं कवच, हे तिच्या गळी उतरवता उतरवता माझी पुरेवाट झाली. क्रस्ट कडेवरून घसरून प्लेटच्या तळाशी येऊन बसला होता आणि मधोमध भटुऱ्यासारखा टम्म फुगला होता. काढायला गेले तर दोन तुकडे.

तो क्रस्ट मी केक मिक्सच्या खोक्यातून केला होता. आजही तसाच करते, आणि आता मोडत नाही. मिक्समध्ये काही खोट नव्हती. मी त्याला मैदा समजून वागवलं होतं, तिथे गाडी घसरली.

इथे नव्याने आलेल्यांच्या वाट्याला पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणात, बहुतेक वेळा डेझर्टच येतं. ‘काहीतरी सोपं आणा, पाय वगैरे’ असं समोरचा सहज म्हणून जातो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. आदल्या दिवशी दुकानात गेलं की तयार ग्रॅहम क्रस्टचं, म्हणजे ग्रॅहम बिस्किटांच्या चुऱ्याच्या क्रस्टचं, शेल्फ रिकामं. मी दोनदा तरी अशा शेल्फासमोर उभी राहिले आहे. फ्रीजच्या कपाटातले लाटून ठेवलेले क्रस्ट मिळतात, पण पाकीट उलटून वाचा. काहींत लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी. पॉटलकला शाकाहारी माणसं येणार असतील तर हे आधी बघायचं. केक मिक्सचं खोकं मात्र घराघरात एखादं पडून असतंच. वाढदिवसाला म्हणून आणलेलं, मग केक विकतच आला, असं.

खारी नव्हे, नानकटाई

खरा पाय क्रस्ट खारीच्या कुळातला. मैदा, थंडगार बटर, बर्फाचं पाणी, मग लाटणं. ओव्हनमध्ये बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. केक मिक्सचा क्रस्ट नानकटाईच्या कुळातला. त्याला पापुद्रे कधीच सुटणार नाहीत, तो खुसखुशीत होतो आणि चमच्याखाली कुरकुरत मोडतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं.

फरक कशाने पडतो ते खोक्याच्या बाजूच्या तक्त्यावर लिहिलेलं असतं. साध्या यलो केक मिक्सच्या ४३ ग्रॅमच्या एका वाटणीत साखर अठरा-वीस ग्रॅमच्या घरात असते. म्हणजे हातात पीठ घेतलंय असं वाटलं तरी त्यातली जवळजवळ निम्मी साखर आहे. काही खोक्यांवर तर घटकांच्या यादीत साखर पहिली आणि मैदा दुसरा. दुसरी गोष्ट म्हणजे फुगवणारा सोडा. केक फुगायला हवा म्हणून तो त्यात आधीच मिसळलेला असतो आणि आपल्याला तो बाहेर काढता येत नाही. क्रस्ट घसरतो ते साखर वितळते म्हणून, करपतो तेही साखरेमुळे, आणि फुगतो तो सोड्यामुळे. पुढची प्रत्येक पायरी या दोघांना आवर घालण्यासाठी आहे.

मग एवढा खटाटोप कशाला, मैद्याचाच का नाही करायचा? कारण मैद्याचा क्रस्ट नवख्या हाताला फार छळतो. पाणी थोडं जास्त झालं, दोनदा जास्त मळलं, की त्याला चिवटपणा येतो आणि ओव्हनमध्ये तो आकसतो. केक मिक्समधला मैदा मऊ गव्हाचा असतो, त्यात प्रथिनं कमी, आणि वर एवढी साखर असल्यामुळे चिवटपणा धरायला वावच राहत नाही. तुम्ही चुकून जास्त हाताळलंत तरी तो राग धरत नाही. लाटणं नाही, उचलून प्लेटमध्ये घालायची कसरत नाही, बोटांनी थापायचं. ज्याला थालीपीठ थापता येतं त्याला हा जमतो.

कुठल्या पायला चालतो, कुठल्याला नाही

सफरचंदाच्या पायला हा क्रस्ट वापरू नका. तो पाय चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये पाऊण-एक तास राहतो. तेवढ्या वेळात हा क्रस्ट काळा होतो आणि सफरचंदाच्या रसाने तळाला लगदा. भोपळ्याच्या पायचंही तेच. कडेला फॉइल गुंडाळून काही जण निभावून नेतात. मी दोनदा केला, दोन्ही वेळा तळ ओला राहिला, मग सोडून दिला.

हा क्रस्ट फ्रीजमध्ये सेट होणाऱ्या पायसाठी. क्रस्ट आधी पूर्ण भाजून, गार करून, मग त्यात सारण ओतायचं. आंबा, लिंबू, चॉकलेट पुडिंग, केळ्यांचं क्रीम, आणि हो, श्रीखंड. क्रस्ट स्वतःच गोड आहे, तेव्हा सारणात थोडा आंबटपणा किंवा कडवटपणा हवाच. गोडावर गोड घातलं तर दोन घासांत माणसं काटा खाली ठेवतात.

खोकं कुठलं घ्यायचं

यलो किंवा व्हाइट केक मिक्स घ्या. चॉकलेटचं चालतं, पण भाजल्याचा रंग कळत नाही, सगळा कारभार घड्याळावर आणि नाकावर, पहिल्यांदा नको. स्पाइस केकचं मिक्स लिंबाच्या सारणाखाली सुरेख लागतं. ‘एंजल फूड’ लिहिलेलं खोकं मात्र परत शेल्फावर ठेवा. त्यात अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी असते, ते मिक्स वेगळंच वागतं.

आता वजनाची गोष्ट, कारण इथे पुष्कळ जणांचा घोळ होतो. इंटरनेटवर आणि जुन्या हस्तलिखित वह्यांत ‘एक बॉक्स केक मिक्स’ एवढंच लिहिलेलं असतं. पण बॉक्स कुठला? पूर्वी खोकं सव्वाअठरा औंसांचं, म्हणजे ५१७ ग्रॅमचं असायचं. मग ते सव्वापंधरा औंसांवर आलं, म्हणजे ४३२ ग्रॅम. आता काही खोकी सव्वातेरा औंसांची, ३७५ ग्रॅमची आहेत. खोक्याचा आकार बघून काही कळत नाही. जुन्या प्रमाणाचं बटर नव्या खोक्यात घातलं की क्रस्ट तुपकट होऊन प्लेटमध्ये तळला जातो. म्हणून मी सगळं ग्रॅममध्ये सांगणार आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा दहा-पंधरा डॉलरला येतो. कपांच्या सेटआधी तो घ्या.

साहित्य

नऊ इंची पाय प्लेटमधल्या एका क्रस्टसाठी :

केक मिक्स २१५ ग्रॅम (४३२ ग्रॅमच्या खोक्याचं साधारण अर्धं)
मैदा ३० ग्रॅम, म्हणजे पाव कप
मीठ दोन चिमटी
बिनमिठाचं थंड बटर ७० ग्रॅम, म्हणजे ५ टेबलस्पून
थंड दूध १ ते २ टेबलस्पून

मैदा का, तर साखरेचं आणि सोड्याचं प्रमाण थोडं खाली यावं म्हणून. या पाव कपाने क्रस्ट कडेला उभा राहतो. मैदा न घालता करून बघितलंत तर फरक लगेच कळेल. इथे दुकानात मैदा ‘ऑल पर्पज फ्लोअर’ नावाने मिळतो. तो आपल्या मैद्यापेक्षा किंचित कणखर असतो, पण इथे काही बिघडत नाही.

बटरची इथली कांडी ११३ ग्रॅमची असते आणि कागदावर टेबलस्पूनच्या रेघा छापलेल्या असतात; पाचव्या रेघेवर सुरी चालवा. भारतीय दुकानातलं खारं बटर घेतलंत तर वरचं मीठ घालू नका. साजूक तूप? चालतं, आणि खरं सांगायचं तर वास जास्त छान येतो. तुपात पाणी नसतं, म्हणून ७० ऐवजी ५५ ग्रॅम घ्या, थिजलेलं घ्या, आणि दूध दोन्ही चमचे घाला. त्याने क्रस्ट अगदी नानकटाईच होतो. मात्र तो जास्त ठिसूळ असतो, तेव्हा पहिल्या वेळी बटरच बरं.

यात अंडं नाही. खोक्याच्या मागे तीन अंडी, तेल, पाणी असं लिहिलेलं असतं ते केकसाठी. क्रस्टच्या पुष्कळ कृतींत एक अंडं घालतात. त्याने क्रस्ट बांधला जातो पण केकसारखा मऊसुद्धा होतो. मी घालत नाही. आमच्या पॉटलकमधल्या निम्म्या काकू अंडं न खाणाऱ्या, हे एक कारण.

अंड्यावरून आठवलं. केक मिक्स नुसतं पाणी घालून करता यायचं, पण त्यामुळे बायकांना आपण फसवणूक करतोय असं वाटायला लागलं, मग १९५०च्या सुमारास कंपन्यांनी मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेऊन अंडं फोडायचं काम त्यांच्याकडे सोपवलं, अशी एक गोष्ट इथे फार सांगतात. गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. पिट्सबर्गची पी. डफ अँड सन्स नावाची कंपनी मोलॅसिस विकायची, म्हणजे आपल्या काकवीच्या नात्यातला काळा पाक. तो पाक वाळवून पिठात मिसळून तिने जिंजरब्रेडचं तयार मिक्स केलं आणि १९३३ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्या मिक्समध्ये अंड्याची भुकटी होती. १९३५च्या पुढच्या पेटंटातच त्यांनी नोंदवलंय की गिऱ्हाइकाला ताजी अंडी घालणं पसंत आहे. मानसशास्त्रज्ञ खूप नंतर आले. खोक्यांवरची नावंही मजेशीर. बेटी क्रॉकर नावाची बाई कधी जन्मलीच नाही, ते १९२१ साली मिनियापोलिसच्या पिठाच्या कंपनीने गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं देण्यासाठी तयार केलेलं नाव. डंकन हाइन्स मात्र हाडामांसाचा माणूस होता, केंटकीचा फिरता विक्रेता, रस्त्यावरच्या खाणावळींची पारख करता करता प्रसिद्ध झालेला.

पीठ तयार करणं

मिक्स आणि मैदा एकत्र चाळून घ्या. केक मिक्समध्ये साखरेच्या गुठळ्या असतात आणि भाजताना त्या जागी काळे ठिपके पडतात. मीठ मिसळा.

बटर फ्रीजमधून काढल्या काढल्या वाटाण्याएवढे तुकडे करून पिठात टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा. करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसंच, फरक एवढाच की हे मोहन कडकडीत नसून गार आहे. तळहात लावू नका, तळहाताच्या उबेने बटर पातळ होतं. हात गरमच असतील तर बटर अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून किसणीवर सरळ पिठात किसा; माझ्या नवऱ्याची ही पद्धत, आणि मला कबूल करावं लागतं की ती बरी आहे. तीन-चार मिनिटांत पीठ ओलसर रव्यासारखं दिसायला लागेल.

आता मूठ वळून बघा. मुटका धरला पाहिजे, आणि अंगठ्याने दाबल्यावर भसकन न फुटता दोन-तीन तुकड्यांत मोडला पाहिजे. धरत नसेल तर दूध एक चमचा शिंपडा, बोटांनी हलवा, पुन्हा मूठ वळा. गोळा करायचा नाही. पोळीच्या कणकेसारखा गोळा झाला तर दूध जास्त झालं असं समजा. तो क्रस्ट फुगणार. अशा वेळी चमचाभर मैदा भुरभुरा.

चव बघू नका. मिक्स गोड वासाचं असतं, बोट चाटायचा मोह होतो, पण कच्च्या पिठात ई. कोलाय आणि साल्मोनेला हे रोगजंतू सापडले आहेत आणि इथलं आरोग्य खातं त्याबद्दल वारंवार बजावतं. भांडी पुसायला मदतीला आलेल्या पोरांनाही हे सांगून ठेवा.

थापणं

प्लेटला आतून बटरचा हलका हात फिरवा, कारण साखर चिकटते. पीठ सगळं प्लेटमध्ये ओता. बहुतेक जण आधी तळ थापतात आणि मग कडेला पीठच उरत नाही. उलट करा. पिठाचा मोठा हिस्सा कडांकडे ढकला, बोटांनी भिंत उभी करून घ्या, आणि उरलेलं तळाला पसरा. जाडी सगळीकडे पाव इंचाच्या आत-बाहेर असावी. तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात पीठ साचतं. तिथे अंगठा फिरवून ते पातळ करा, नाहीतर तिथला भाग कच्चा राहतो आणि कापताना सुरी अडते. भिंत प्लेटच्या ओठाबरोबर सपाट ठेवा. वर कंगोरे, चुण्या, करंजीची मुरड असलं काही काढत बसू नका. मैद्याच्या क्रस्टला ते शोभतं, इथे साखर वितळली की सगळी नक्षी ओघळते.

काट्याने तळाला बोटभर अंतरावर टोचे मारा, भिंतीलाही चार-पाच. मग अर्धा तास फ्रीज. ही पायरी गाळायची नाही. माझा पहिला क्रस्ट घसरला तो याच पायरीच्या अभावी. पाहुण्यांकडे जायला उशीर होईल म्हणून मी थापला आणि तसाच आत ढकलला. गार झालेलं बटर उशिरा वितळतं, तेवढ्यात पीठ जरा धरून घेतं आणि भिंत उभी राहते.

एक धोक्याची गोष्ट. प्लेट काचेची असेल तर फ्रीजमधली गार काच थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, ती तडकू शकते. पहिल्यांदा करताना धातूची प्लेट किंवा दुकानातली फॉइलची एकदा वापरायची प्लेट घ्या. फॉइलची असेल तर तिच्याखाली सपाट ट्रे ठेवा, कारण ती एका हाताने उचलली की मध्ये वाकते आणि क्रस्टला भेग जाते.

भाजणं

ओव्हन ३५० फॅरेनहाइटवर तापवा, सेल्सिअसचा असेल तर १७५. प्लेट काळ्या नॉनस्टिकची असेल तर फॅरेनहाइटचे २५ अंश कमी करा, काळा रंग उष्णता जास्त ओढतो. रॅक मधल्याच्या एक घर खाली.

गार क्रस्टवर बेकिंगचा कागद नीट आतल्या अंगाला बसवा, आणि त्यात सुका राजमा नाहीतर छोले काठोकाठ भरा. दुकानात यासाठी चिनी मातीच्या गोट्या मिळतात, पैसे वाया घालवू नका. तळाला नुसता एक थर देऊन भागत नाही. भिंतीला आधार मिळायला हवा म्हणून काठापर्यंत. हा राजमा नंतर शिजत नाही, तेव्हा गार झाल्यावर बरणीत भरून बरणीवर ‘पायचा राजमा’ असं ठळक लिहा. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी एकदा तो रात्रभर भिजत घातला आणि कुकरच्या अकरा शिट्ट्या मोजल्या.

पंधरा मिनिटांनी बाहेर काढा, कागदाची चारही टोकं धरून राजमा उचला. आत क्रस्ट फिका आणि ओलसर दिसेल, ते बरोबर आहे. तो उघडाच पुन्हा सहा ते आठ मिनिटं आत. शेवटची तीन मिनिटं ओव्हनसमोरून हलू नका. साखरेचं पीठ आहे, सोनेरी आणि तपकिरी यांच्यात दीड-दोन मिनिटांचंच अंतर असतं. कड नानकटाईच्या रंगाची झाली आणि मधला भाग कोरडा दिसला की बाहेर.

आता वाटी. एवढं सगळं करूनही सोडा आपलं काम करतोच. मधोमध तळ बोटभर वर आलेला असतो, मऊ, आतून हवा भरलेला. ही चूक नाही. सपाट बुडाची स्टीलची वाटी घ्या, हाताला फडकं गुंडाळा आणि वाटीचा तळ क्रस्टवर हलकेच टेकवून दाबा. सुस्स करून वाफ निघते, व्हॅनिलाचा वास नाकात जातो आणि क्रस्ट वाटीखाली हळूच बसतो. वाटी उचलून शेजारी टेकवा, पुन्हा दाबा. आधी मध्ये, मग गोल गोल कडेपर्यंत, मग वाटी आडवी करून तिची बाजू भिंतीवर फिरवा. तळावर वाटीच्या कडेची पुसट वर्तुळं उमटतात, ती सारणाखाली झाकली जातात. हे सगळं बाहेर काढल्यापासून दोन मिनिटांत व्हायला हवं. त्यानंतर क्रस्ट कडक होतो आणि दाबलं की तडे जातात. माझी वाटी लग्नातल्या सेटमधली, इकडे सूटकेसमध्ये डाळ भरून आणलेली. त्या सेटचं बाकी काही आता उरलेलं नाही.

एखादी भेग पडलीच तर गरम असतानाच कडेचा थोडा चुरा तिच्यावर घालून वाटीने दाबा. सांधली जाते.

जाळीवर ठेवा आणि तासभर विसरून जा. गरम असताना हा क्रस्ट मऊ लागतो आणि नवखी माणसं कच्चा राहिला म्हणून पुन्हा ओव्हनमध्ये घालतात. नानकटाईसारखाच तो गार होताना कडक होतो. तासाभरानेही मध्ये बोट रुतलं, तर मात्र ३२५वर पाच मिनिटं.

आंब्याचं सारण

इथल्या भारतीय घरांत थँक्सगिव्हिंगला आंब्याचा पाय होतोच होतो. बहुतेक जण ग्रॅहम क्रस्टमध्ये करतात आणि जिलेटिन घालतात. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतं; म्हणून मी आगर-आगर वापरते, आपलं चायना ग्रास. भारतीय दुकानात पट्ट्या मिळतात, पण आशियाई दुकानातली पूड मोजायला सोपी.

२२६ ग्रॅम क्रीम चीज, म्हणजे इथली आठ औंसांची एक वडी, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि घोटून मऊ करा. डब्यातला केशर आंब्याचा रस सव्वा कप लागेल. त्यातला पाऊण कप क्रीम चीजमध्ये मिसळा, एक चमचा लिंबाचा रस आणि वेलदोड्याची पूड घाला. साखर नको. डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेलीच असते, आणि क्रस्ट आहेच. अर्धा कप साधं क्रीम वेगळं फेटून घट्ट करा.

पातेल्यात एक तृतीयांश कप पाणी आणि उरलेला अर्धा कप रस घ्या, त्यात दीड टीस्पून आगर पूड भुरभुरा, ढवळत उकळी आणा आणि दोन मिनिटं खदखदू द्या. नुसतं गरम करून आगर विरघळत नाही, उकळावंच लागतं. ते गरमागरम मिश्रण क्रीम चीजच्या भांड्यात ओतताना दुसऱ्या हाताने सतत फेटत राहा. आगर चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अजून कोमट असतानाच धरायला लागतं. एकदा मी रसाचा डबा फ्रीजमधून काढून तसाच वापरला आणि सारणात साबुदाण्यासारखे दाणेच दाणे. तेव्हा रस गार नको, आणि फेटलेलं क्रीम शेवटी झटपट मिसळून लगेच क्रस्टमध्ये ओता. थोडं उरेल, ते वाटीत घालून घरच्यांना.

फ्रीजमध्ये चार तास तरी. आदल्या रात्री केला तर सर्वांत उत्तम. त्यापेक्षा आधी नको, कारण दुसऱ्या दिवसानंतर क्रस्ट ओलावा धरतो आणि खुसखुशीतपणा जातो. दोन दिवस आधीच करायचा असेल तर सारण ओतण्याआधी गार क्रस्टला आतून वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात द्या. ओल थांबते, पण गोडी वाढते, मी टाळते.

उरलेलं अर्धं खोकं

पिशवीत घालून हवा काढून बंद करा आणि वर वजन लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी अंदाजपंचे. त्याहून शहाणपणाचं म्हणजे दोन्ही क्रस्ट एकदमच थापायचे, एक भाजायचा आणि दुसरा फॉइलच्या प्लेटमध्ये कच्चाच गुंडाळून फ्रीझरमध्ये. महिनाभर छान राहतो. भाजताना विरघळवायचा नाही, तसाच गोठलेला आत, फक्त राजम्यासकटची वेळ पंधराऐवजी अठरा मिनिटं.

भारतात करणार असाल तर एगलेस केक मिक्स घ्या आणि पाकिटाचं वजन न बघता वरच्याप्रमाणे २१५ ग्रॅम मोजून घ्या. पाय प्लेट नसेल तर सुटा तळ असलेला केकचा डबा चालतो, त्यात भिंत इंचभरच थापा. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, तेव्हा फक्त खालचा रॉड लावा आणि १६५ सेल्सिअसवर ठेवा.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका दमात खाली न्या. करवतीसारखी चालवली की क्रस्ट भुगा होतो. आणि पॉटलकला नेताना गाडीच्या सीटवर ठेवू नका. सीट मागे उतरती असते, पहिल्या वळणाला सारण एका कडेला आणि प्लेट दाराशी. शेजारच्या सीटखालची जमीन सपाट असते. पाय पायाशीच ठेवायचा.